आधी गाणे, मग सारेगम

गुबगुबीत गालांचा, दहा वर्षांचा एक मुलगा आईचा हात धरून ब्रसेल्समध्ये एका थोर वादकाच्या घरी गेला. वादकाचे नाव युजेन इझाई. व्हायोलिन म्हटले की त्या काळच्या युरोपात ज्यांचे नाव आदराने घेतले जाई, त्यांतले हे अग्रणी. मुलाने लालो या फ्रेंच रचनाकाराची एक अवघड चीज वाजवून दाखवली आणि ती अशी वाजवली की म्हाताऱ्याची कळी खुलली. मग इझाई म्हणाले, आता एक स्वर धरून चार सप्तकांत नुसता आरोह-अवरोह वाजव बघू. मोठा ख्याल झोकात म्हणून दाखवणाऱ्या पोराला आपल्याकडच्या बुवांनी ‘आता जरा अलंकार म्हण’ असे सांगावे, तसलाच हा प्रकार. मुलगा गडबडला. इतका वेळ लीलया धावणारी बोटे तारेवर आंधळ्यासारखी चाचपडू लागली. इझाईंनी रागे भरले नाही. रोज थोडे पलटे घोटत जा, तुला बरे पडेल, एवढेच सांगितले.

मुलगा बाहेर पडला तो पुन्हा त्या घराकडे फिरकला नाही. इझाई हे त्याच्या गुरूचे गुरू. त्यांच्याकडे शिकायचे म्हणून तर अमेरिकेहून इतक्या दूर आणलेले. पण त्याने पॅरिसला जाऊन जॉर्ज एनेस्कु या रुमानियन संगीतकाराचे पाय धरले. एनेस्कुंनी त्याला पलटे विचारले नाहीत. ते त्याच्याशी संगीताविषयी बोलत, वाजवून दाखवत, आणि पोरगा ते जसेच्या तसे उचली.

हा मुलगा म्हणजे येहुदी मेन्युहिन. विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या व्हायोलिनवादकांपैकी एक. त्यांच्या चरित्राचा नाद मला लागला तो संगीतामुळे नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी कॉलेजात मराठी शिकवतो. दर दोन-तीन वर्षांनी माझ्या वर्गात एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी अशी येते की तिच्या वहीतले वाक्य वाचून आपण जागच्या जागी थबकतो. ‘हे असेच का लिहिलेस, दुसरा शब्द का नाही घेतलास?’ असे विचारावे, तर ती आपल्याकडे बघत राहते. तिला ते ठाऊकच नसते. आले, म्हणून लिहिले. अशा वेळी मास्तराने काय करावे? व्याकरणाचे पुस्तक पुढ्यात टाकावे, की गप्प बसून जे चालले आहे ते चालू द्यावे? इझाईंनी एक केले, एनेस्कुंनी दुसरे. आणि दोघांचेही खरे ठरले, ही या गोष्टीतली गंमत. किंवा व्यथा म्हणा.

येहुदीचा जन्म २२ एप्रिल १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईवडील रशियातून पॅलेस्टाइनमार्गे अमेरिकेत आलेले ज्यू. नावाची हकिकत मेन्युहिन यांनी आत्मचरित्रात दिली आहे. बाळ पोटात असताना नवराबायको भाड्याची जागा शोधत हिंडत होती. एका घरमालकिणीने जागा दाखवली आणि जाता जाता, आपण ज्यूंना जागा देत नाही, तेव्हा तुम्ही निश्चिंत राहा, असे आपुलकीने सांगितले. आई तडक पायऱ्या उतरली आणि तिने ठरवले की होणाऱ्या मुलाचे नाव येहुदीच ठेवायचे. येहुदी म्हणजे ज्यू. पुढे कुणाला गैरसमजाला जागाच नको! बाई करारी होती आणि तो करारीपणा तिने मुलांच्या संगोपनात पुरेपूर वापरला.

मूल अडीच-तीन वर्षांचे असताना बिऱ्हाड सॅन फ्रान्सिस्कोला आले होते. मुलाला सांभाळायला माणूस ठेवणे परवडत नव्हते, म्हणून आईवडील त्याला चोरून वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला नेत. तिथे लुई पर्सिंजर हा वादक एकट्याने काही सूर छेडी. पोराने हट्ट धरला की मला व्हायोलिन पाहिजे आणि शिकवायला तो माणूस पाहिजे. घरोब्याच्या कुणीतरी पत्र्याचे खेळण्यातले व्हायोलिन आणून दिले. पोराने ते वाजवून पाहिले आणि संतापाने जमिनीवर आपटले. ते गात नव्हते! पुढे आजीने पैसे पाठवले, तेव्हा खरे वाद्य घरात आले, आणि यथावकाश पर्सिंजरही गुरू म्हणून मिळाले. शाळेचे म्हणाल, तर येहुदी शाळेत गेला एकच दिवस. बाकी सारे शिक्षण घरी. धाकट्या दोन बहिणी हेफ्झिबा आणि याल्टा याही घरीच शिकल्या आणि दोघीही पियानोवादक झाल्या.

पुढची दहा वर्षे म्हणजे नुसती दिवाळी. नोव्हेंबर १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये अकरा वर्षांच्या या मुलाने बेथोव्हेनचा व्हायोलिन कन्चेर्टो वाजवला. कन्चेर्टो म्हणजे एका बाजूला एकटा वादक आणि दुसऱ्या बाजूला सगळा वाद्यवृंद अशी बरोबरीची बैठक. वाद्यवृंदाचे संचालक फ्रिट्झ बुश यांना असल्या चिमुरड्याने बेथोव्हेनला हात लावावा हेच पटत नव्हते. मुलाचे वाजवणे ऐकले, तेव्हा ते राजी झाले. त्या रात्री मुलाच्या बोटांत खुंट्या पिळून तारा जुळवण्याइतकीही ताकद नव्हती. त्याने वाद्य वाद्यवृंदातल्या मुख्य वादकाच्या हाती दिले, त्यांच्याकडून जुळवून घेतले आणि मग जे वाजवले त्याने सभागृह उठून उभे राहिले.

१२ एप्रिल १९२९. बर्लिन. तेराव्या वाढदिवसाला दहा दिवस उरले होते. ब्रुनो वाल्टर यांच्या संचालनाखाली त्याने एका संध्याकाळी बाख, बेथोव्हेन आणि ब्राम्स असे तीन कन्चेर्टो एकामागून एक वाजवले. श्रोत्यांत आइन्स्टाइन होते. त्यांनी रंगपटात येऊन मुलाला मिठी मारली आणि आता देवाच्या अस्तित्वाची खात्री पटली, असे काहीसे उद्गार काढले, अशी कथा सांगतात. आइन्स्टाइनच्या तोंडी घातलेल्या निम्म्या गोष्टी खऱ्या नसतात. पण ही खोटी असावी असे ते वादन ऐकणाऱ्या कुणालाही वाटत नाही.

१९३२ च्या जुलैत लंडनला एल्गार या वृद्ध इंग्रज रचनाकाराच्या कन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण झाले. वादक १६ वर्षांचा, रचनाकार आणि संचालक ७५ वर्षांचे. मुद्रणाआधी मुलाची परीक्षा घ्यायला एल्गार आले, थोडे ऐकले आणि हे उत्तम होणार, चिंता नको, असे म्हणून घोड्यांच्या शर्यतीला निघून गेले. ते मुद्रण आजही मिळते. मोबाईलवरसुद्धा मिळते. त्यातल्या मंद गतीच्या मधल्या भागात व्हायोलिन ज्या जाणतेपणाने बोलते, ते सोळा वर्षांच्या मुलाने कुठून आणले, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. त्यालाही ते ठाऊक नव्हते. आणि संकट नेमके तिथेच दबा धरून बसले होते.

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकले की सूर गेला. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये धरायचे, डावा हात कोपरातून आत वळवून बोटे तारांवर ठेवायची, उजव्या हाताने गज असा ओढायचा की त्याचे वजन तारेवर सर्वत्र सारखे पडेल. आपले वादक मांडी घालून बसतात, वाद्याचे टोक पावलाशी टेकवतात आणि डावा हात मोकळा ठेवतात. तिकडे मात्र मान, खांदा, पाठ, कोपर, मनगट सारे उभ्याउभ्या ताणलेले. लहान मुलाचे अंग वेतासारखे लवचिक असते, तोवर काही जाणवत नाही. अंग वाढते, जड होते, मनात शंका शिरते, आणि मग एके दिवशी माणूस स्वतःलाच विचारतो, मी हे करतो तरी कसे?

मेन्युहिन यांनी हा प्रश्न विशीतच विचारला. जगाचा लांबलचक दौरा आटोपून १९३६ मध्ये त्यांनी सुमारे दीड वर्ष विश्रांती घेतली. १९३८ साली लग्न झाले. मग युद्ध आले. दोस्त सैनिकांसाठी त्यांनी पाचशेहून अधिक कार्यक्रम केले. इस्पितळांत, छावण्यांत, मिळेल त्या विमानाने जाऊन. रियाजाला सवड नाही, झोप नाही. ज्या हाताला पायाच्या घडणीची कधी गरज पडली नव्हती, त्या हातावर हा भार पडला. गज तारेवर पूर्वीसारखा ठरेना. सूर कधी लख्ख लागे, कधी निसटे. लहानपणी जे आपोआप होत होते, ते हरवल्यावर शोधायचे कुठे? ज्या वाटेने आपण कधी चालतच गेलो नाही, तिने परत कसे जायचे?

आपल्याकडे कुमार गंधर्वांचे नाव इथे आठवल्यावाचून राहत नाही. तेही बालपणी सहज गात होते, दिग्गजांच्या लकबी हुबेहूब उचलत होते, आणि ऐन पंचविशीत क्षयाने त्यांना काही वर्षे अंथरुणावर गप्प पडून राहायला लावले. देवासच्या त्या मुक्कामानंतर जे गाणे आले ते वेगळेच होते. दोघांचे दुखणे एक नव्हते, तुलना ताणू नये. पण पहिले गाणे मिळालेले आणि दुसरे मिळवलेले, हा फरक दोन्हीकडे आहे.

याच पडत्या काळात मेन्युहिन माणूस म्हणून मोठे होत गेले, असे मला वाटते. १९४३ मध्ये न्यूयॉर्कला हंगेरीचा थोर रचनाकार बेला बार्टोक आजारी आणि विपन्नावस्थेत राहत होता. मेन्युहिन यांनी त्याची एक रचना त्याच्यासमोर वाजवली आणि दान म्हणून नव्हे, तर मागणी म्हणून, एकट्या व्हायोलिनसाठी नवी रचना लिहून मागितली. ती नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांनी वाजवली, तेव्हा बार्टोक ऐकायला हजर होता. पुढच्या सप्टेंबरात तो गेला.

जुलै १९४५ मध्ये ते बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराला पियानोच्या साथीला घेऊन बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीतून सुटलेल्या माणसांसमोर वाजवायला गेले. आणि लगेच दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, त्यांनी बर्लिनला फुर्टव्हेंगलर यांच्या संचालनाखाली वादन केले. फुर्टव्हेंगलर हे हिटलरच्या राजवटीत जर्मनी न सोडलेले संगीतकार. ज्याचे नावच ‘ज्यू’, त्याने हे करावे याचा निर्वासित ज्यूंना भयंकर संताप आला. त्यांनी त्याच्या कार्यक्रमाकडे पाठ फिरवली. मेन्युहिन त्यांच्या छावणीत गेले, संतापलेल्या जमावासमोर उभे राहिले आणि आपली बाजू सांगितली. त्यांचे बरोबर होते की चूक, याचा निवाडा घरदार भट्टीत गेलेल्या माणसांच्या वतीने मी करणार नाही. पण तिथे जाऊन उभे राहायला छाती लागते. त्याच वर्षी त्यांचे पहिले लग्न मोडले आणि डायना गूल्ड या नर्तकीशी दुसरे झाले. डायनाबाईंनी हा संसार शेवटपर्यंत निभावला.

आता आपल्या देशाकडे येऊ. न्यूझीलंडच्या दौऱ्यात एका डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत खोळंबून बसले असताना मेन्युहिन यांच्या हाती योगासनांवरचे एक छोटे पुस्तक लागले. आपल्याला जे हवे आहे ते यात असेल, असे त्यांच्या मनाने घेतले आणि ते पुस्तकात बघून आसने करू लागले. १९५२ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. कार्यक्रमांचे उत्पन्न दुष्काळनिधीला द्यायचे ठरले होते. नेहरूंनी यांच्या योगाभ्यासाविषयी ऐकले होते. ते म्हणाले, मग करा बघू शीर्षासन! पाहुण्याने केले. नेहरूंना ते पटले नाही. कसे करायचे हे दाखवायला पंतप्रधान स्वतः डोक्यावर उभे राहिले. तेवढ्यात दार उघडून बटलर जेवण तयार असल्याची वर्दी द्यायला आला. हा प्रसंग मेन्युहिन यांनीच मोठ्या चवीने लिहून ठेवला आहे.

मुंबईच्या मुक्कामात त्यांना भेटायला पुण्याहून एक योगशिक्षक आले. वय ३३. नाव बी. के. एस. अय्यंगार. मूळचे कर्नाटकातल्या बेल्लूरचे. लहानपणी इन्फ्लुएंझा, हिवताप, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांनी पोखरलेले. म्हैसूरला मेहुण्यांकडे, म्हणजे कृष्णमाचार्यांकडे, आसने शिकले आणि १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला म्हणून आले ते पुण्याचेच झाले. मराठी येत नाही, खिशात पैसा नाही, शिष्यांतले कित्येक आपल्याहून वयाने मोठे आणि अंगाने धडधाकट. अशा स्थितीत त्यांनी आपल्याच दुबळ्या शरीरावर प्रयोग करून एकेक आसन तपासले होते. मेन्युहिन यांच्याप्रमाणे यांना जन्मतः काही मिळाले नव्हते. शरीर कसे चालते हे त्यांना ठाऊक होते, कारण त्यांचे चालत नव्हते.

मेन्युहिन थकलेले होते. मी पाच मिनिटेच देऊ शकतो, म्हणाले. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजवले आणि बोटांनी त्यांचे कान-डोळे अलगद मिटवून षण्मुखी मुद्रा केली. पाहुणा गाढ झोपी गेला. पाऊणएक तासाने उठला तो टवटवीत होऊन. त्यानंतर किती मिनिटे द्यायची हा प्रश्न उरला नाही. १९५४ मध्ये त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला आपल्या घरी नेले. लंडन-पॅरिसही दाखवले. त्यांनी गुरुजींना एक मनगटी घड्याळ दिले, त्याच्या पाठीवर कोरून घेतले होते की माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकास. अय्यंगारांना व्हायोलिन वाजवता येत नव्हते, हे सांगायला नकोच.

पुण्याच्या घराघरांत ही घड्याळाची गोष्ट सांगताना आपण थोडे फुशारतो, आणि ते साहजिक आहे. १९६६ मध्ये अय्यंगारांचे आसनांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले, त्याला प्रस्तावना मेन्युहिन यांची. पुढे तो ग्रंथ जगभर गेला. १९७५ साली पुण्यात गुरुजींची संस्था उभी राहिली आणि तिच्या दारी देशोदेशीची माणसे येऊ लागली. पण ‘योग केला आणि हात बरा झाला’ असे जे सोपे करून सांगतात, ते मला मान्य नाही. १९६० च्या दशकात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मेन्युहिन यांनी तोच एल्गारचा कन्चेर्टो एड्रियन बोल्ट यांच्याबरोबर पुन्हा मुद्रित केला. मी दोन्ही वारंवार ऐकले आहेत. दुसऱ्यात गज काही ठिकाणी हलतो, काही सूर काठावरून जातात. समीक्षकांनी तेव्हाही ते लपवले नाही. सोळाव्या वर्षीचा तो हात परत आला नाही. जे आले ते असे, की हा माणूस आता प्रत्येक सूर कुठे उगम पावतो ते जाणून वाजवतो आहे, हे ऐकणाऱ्याला कळते. कुठले अधिक आवडते, असे कुणी विचारले तर मी पहिले सांगेन. रात्री एकटा असताना मात्र दुसरे लावतो.

भारताने त्यांना आणखी एक दिले ते आपले संगीत. १९५२ च्याच फेरीत दिल्लीला त्यांनी रविशंकरांची सतार ऐकली. १९५५ मध्ये त्यांच्या खटपटीने अली अकबर खाँ न्यूयॉर्कला जाऊन वाजवून आले, आणि तिथे निघालेल्या त्यांच्या तबकडीवर रागांची ओळख करून देणारा आवाज मेन्युहिन यांचाच आहे. १९६६ मध्ये इंग्लंडातल्या बाथच्या महोत्सवात ते रविशंकरांबरोबर बसले. त्यांच्या जोडीने निघालेल्या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. खरे सांगायचे तर आपल्या कानाला त्या जुगलबंदीतले व्हायोलिन परदेशी वळणाचेच वाटते. मींड आहे, पण ती शिकलेली आहे. मला भावते ते वेगळेच. ज्याच्या बिदागीसाठी जगातली सभागृहे रांग लावत, तो पन्नाशीचा माणूस दुसऱ्याच्या विद्येसमोर पुन्हा प्राथमिक शाळेत जाऊन बसला, आणि तेही हजारो श्रोत्यांच्या देखत.

बाकीचे थोडक्यात सांगतो. १९६८ चा आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार त्यांना मिळाला. १९७१ मध्ये मॉस्कोला संगीतपरिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी रशियन भाषेत भाषण केले आणि त्यात सोल्झेनित्सिन यांचे नाव घेतले. यजमानांचे चेहरे उतरले आणि तिथल्या वृत्तपत्रांनी ते भाषण गिळून टाकले. १९८५ मध्ये ते ब्रिटिश नागरिक झाले, १९९३ मध्ये लॉर्ड. उतारवयात व्हायोलिन खाली ठेवून वाद्यवृंदांचे संचालन करीत राहिले, आणि तेच करायला गेले असता १२ मार्च १९९९ रोजी बर्लिनमध्ये वारले. सत्तर वर्षांपूर्वी ज्या शहराने तीन कन्चेर्टो ऐकले होते, तेच हे शहर.

हल्ली आपल्याकडे वाहिन्यांवर बालगायकांच्या स्पर्धा चालतात. आठ-नऊ वर्षांची मुले काय गातात! आईबाप प्रेक्षकांत डोळे पुसत असतात. ते बघताना मला ब्रसेल्सचा तो दिवाणखाना आठवतो. मेन्युहिनही तो विसरले नसावेत. १९६३ साली त्यांनी इंग्लंडात होतकरू मुलांसाठी निवासी शाळा काढली. आपल्याला जे मिळाले नाही ते तिथे होते: बरोबरीची मुले, एकत्र जेवण, इतर विषयांचे धडे, आणि रोजचा नेमाचा सराव. सरे परगण्यातल्या त्या शाळेच्या आवारात, त्यांनी स्वतः लावलेल्या झाडाखाली, त्यांना पुरले आहे.

१९७१ मध्ये त्यांनी व्हायोलिन शिकवणारे एक पुस्तक लिहिले. सहा धड्यांचे. इझाईंनी जे विचारले होते त्याचे उत्तर या पुस्तकात आहे, फक्त त्याला चव्वेचाळीस वर्षे लागली. पहिल्या धड्यात व्हायोलिन पेटीबाहेर निघतच नाही. ताठ उभे कसे राहावे, श्वास कसा घ्यावा, खांदे कसे सैल सोडावेत, अंग कसे ताणावे आणि ढिले करावे, एवढेच त्यात सांगितले आहे.